हे कुठलं फुलपाखरू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आपण फुलपाखरांचे फोटो आणि प्रश्न मागवले होते. इतके आलेत की सगळे घेणं शक्यच नाही, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केलेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढे सारखी येणार आहे. बहुतेक फोटो पंख पसरलेल्या फुलपाखराचे आहेत, वरून काढलेले, दिसायला सुंदर, पण नेमकी जात सांगायची तर तेवढ्यावर भागत नाही. पंख मिटल्यावर जी खालची बाजू दिसते ती, अंगाचा म्हणजे पोटाचा रंग, आणि ते कुठल्या झाडाजवळ घुटमळत होतं, एवढं कळलं की निम्मं काम होतं.

ताई, आमच्या गॅलरीत कुंडीत कढीपत्ता आहे. त्यावर आधी चिमणीच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं, चार-पाच दिवसांनी बघते तर हिरव्यागार अळ्या. सासूबाई म्हणतात कडुनिंबाचं पाणी मार. मुलाने मोबाइलमधल्या ऍपवर फोटो टाकला तर एकदा ‘कॉमन मॉर्मन’ आणि एकदा ‘लाइम बटरफ्लाय’ असं आलं. मारू का पाणी? – एक वाचक, डोंबिवली

नका मारू, प्लीज. कढीपत्त्याला परत पालवी फुटते, थोडा धीर धरा. ते विष्ठेसारखं दिसणारं म्हणजेच त्या अळ्यांचं लहानपण. पांढरट-तपकिरी, ओलसर दिसणारं अंग, त्यामुळे पक्ष्याला तिथे खाण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. मोठ्या झाल्या की कात टाकून हिरव्या होतात. आता एक करून बघा, अळीला गवताच्या काडीने हलकेच डिवचा, डोक्याच्या मागून दोन फाट्यांचं लालसर शिंग बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल. तो तिचा बचाव. एकदाच करा, सारखं सारखं त्रास नको.

कॉमन मॉर्मन आणि लाइम, दोघांच्याही अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, म्हणजे लिंबू, कढीपत्ता, बेल वगैरे, आणि मोठी हिरवी अळी दोघांची बरीच सारखी दिसते. ऍपचा घोळ झाला त्यात नवल नाही. फुलपाखरू बाहेर आलं की मात्र शंका राहत नाही. लाइमला शेपटी नसते, काळ्यावर पिवळट पांढरे ठिपके-पट्टे आणि मागच्या पंखाच्या टोकाशी एक विटकरी लाल डाग. कॉमन मॉर्मनला मागच्या पंखांना शेपट्या असतात, आणि नर असेल तर काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी रांग.

‘नर असेल तर’ असं म्हटलं कारण मादी निघाली तर मजा आहे. कॉमन मॉर्मनची मादी आपल्याकडे तीन रूपांत सापडते. एक नरासारखीच. दुसरी कॉमन रोझ नावाच्या वेगळ्याच फुलपाखरासारखी, मागच्या पंखावर मध्ये पांढरा डाग आणि कडेला लाल ठिपके. तिसरी क्रिमझन रोझसारखी, पुढच्या पंखावर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखावर लालच लाल. रोझ मंडळींच्या अळ्या ईश्वरीच्या वेलावर वाढतात, तो वेल विषारी, ते विष अंगात साठवून ही फुलपाखरं उडतात आणि पक्षी एकदा चाखून पुन्हा वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या अंगात विष नाही, फक्त मादीने कपडे तसे घातलेत. आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने 1865 मध्येच या माद्यांबद्दल लिहून ठेवलंय, आणि 2014 मध्ये फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं की हा सगळा खेळ डबलसेक्स नावाच्या एका जनुकावर चालतो, तेच जनुक जे कीटकांमध्ये नर-मादी घडवण्याच्या कामात असतं! म्हणजे एकाच आईच्या दोन मुली दोन रूपांच्या असू शकतात, तुमच्याच कुंडीवरून.

मग खरी रोझ आणि नकली रोझ ओळखायची कशी? पंख सोडा, अंग बघा. रोझचं डोकं आणि पोट लालभडक असतं, मॉर्मनच्या मादीचं अंग काळं. उडताना सुद्धा हे दिसतं, सवय झाली की लांबून कळतं.

अळ्या कोषात गेल्या की तो कोष कधी हिरवा कधी तपकिरी दिसेल, कशाला चिकटलाय त्यावर ते ठरतं, काळजी करू नका. आणि सगळ्यांचीच फुलपाखरं होतील अशी आशा धरू नका, काहींवर गांधीलमाशीच्या जातीचे बारीक कीटक आधीच अंडी घालून गेलेले असतात, त्या अळ्या जगत नाहीत. ते निसर्गात चालतंच. सासूबाईंना मात्र माझ्याकडून एवढं सांगा की रोजच्या फोडणीला पुरेल इतका पाला अळ्यांनंतर पण राहतो.

शेताच्या बांधावर रुईची झाडं आहेत, तिथे प्लेन टायगर नेहमीच असतात. पण परवा एक दिसलं ते थोडं वेगळं वाटलं, रंग तोच, नारिंगी आणि टोकाला काळं-पांढरं, पण काहीतरी चुकल्यासारखं. फोटो पाठवतोय. – एक शेतकरी वाचक, सांगली जिल्हा

तुमची नजर तयार आहे, दादा, आणि फोटोही कामाचा आहे. हे प्लेन टायगर नाही, डॅनेड एगफ्लायची मादी आहे.

मागच्या पंखाकडे बघा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार, त्यातला चौथा म्हणजे त्याची गंधाची पिशवी. तुमच्या फोटोत मधोमध काहीच नाही, फक्त वरच्या कडेला एक काळा डाग आहे, तो सुद्धा पुढच्या पंखाखाली अर्धा झाकलाय. तीच खूण. मराठीत प्लेन टायगरला बिबळ्या कडवा म्हणतात, नावातच चव आली. त्याची अळी रुईचा चीक पचवते आणि त्यातलं विष फुलपाखरापर्यंत पोचतं. एगफ्लायची अळी घोळीच्या भाजीवर वाढते, अंगात विष कुठून येणार, म्हणून मादीने बिबळ्याचं रूप घेतलंय. असं बिनविषारी प्राण्याने विषारी प्राण्यासारखं दिसणं हे हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने ऍमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून 1862 मध्ये मांडलं, तुम्हाला ते सांगलीत बांधावर सापडलं.

नर बघायचा असेल तर त्याच भागात फिरा. तो अजिबात तसा दिसत नाही, काळाकुट्ट आणि पंखांवर मोठे पांढरे गोल, त्यांच्या कडेने जांभळी-निळी झाक. एखादी जागा धरून बसतो आणि दुसरं फुलपाखरू आलं की त्याच्या मागे धावतो. नवशिक्यांना हे नवरा-बायको आहेत हे सांगूनही पटत नाही.

आणखी एक, तुम्ही शेतकरी म्हणून विचारते, बांधावरची रुई आणि घोळ तणनाशकाने गेली तर ही दोन्ही फुलपाखरं तिथून जातील. बांध तेवढा फवारणीतून सोडता आला तर बघा. रुईच्या पानाखाली बघितलंत तर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडेल, अंगावर लांब काळ्या केसांसारख्या शिंगांच्या तीन जोड्या, ती बिबळ्याची.

मी सातवीत आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर पावसात खूप मोठं फुलपाखरू बसलं होतं, माझ्या दोन्ही हातांएवढं. सर म्हणाले पतंग आहे आणि पेपरात छापून आलं की दुर्मिळ आहे. फुलपाखरू आणि पतंग यात फरक काय? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

तू बघितलास तो ऍटलस पतंग, सर बरोबर आहेत. पंख पसरले की चोवीस सेंटिमीटरपर्यंत जातो. पंखांवर त्रिकोणी पारदर्शक खिडक्या होत्या ना? आणि पुढच्या पंखाचं टोक नीट बघितलंस तर सापाचं तोंड दिसतं. दुर्मिळ म्हणून दर पावसाळ्यात बातमी येते खरी, पण कोकणात आणि सह्याद्रीच्या जंगलात तो असतो, दिवसा हालचाल करत नाही म्हणून नजरेला पडत नाही. दिव्याच्या उजेडाला येतो आणि सकाळी भिंतीवर सापडतो. त्याला खायला काही देऊ नकोस, मोठं झाल्यावर त्याला खाण्यासाठी तोंडच नसतं, अळी असताना जेवढं खाल्लं तेवढ्यावर थोडे दिवस जगतो, जोडीदार शोधतो, अंडी घातली की संपलं.

फरक ओळखायला मिशा बघ. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, काडेपेटीतल्या काडीसारखी. पतंगाच्या मिशा पिसासारख्या नाहीतर साध्या दोऱ्यासारख्या, टोकाला गाठ नाही. स्किपर नावाची छोटी, झटक्यात उडणारी फुलपाखरं असतात, त्यांच्या मिशीचं टोक आकड्यासारखं वाकलेलं असतं, पण ती फुलपाखरंच. फुलपाखरं दिवसा आणि पतंग रात्री, फुलपाखरू पंख मिटून बसतं आणि पतंग पसरून, हे सगळं पुस्तकात वाचशील पण त्याला अपवाद भरपूर आहेत, दिवसा उडणारे रंगीत पतंग तर तुझ्या शाळेच्या कुंपणावरच सापडतील. मिशा बघायची सवय लाव. आणि हो, पंखांना हात लावू नको, बोटाला जी पावडर लागते ते त्यांच्या पंखांवरचे खवले असतात, ते परत येत नाहीत.

सोसायटीच्या लॉनवर नखाएवढी निळसर फुलपाखरं असतात, खूप. सगळी एकच का? फोटो काढले पण झूम केल्यावर नुसते ठिपके दिसतात. – पुण्याहून एक वाचक

ते ठिपकेच हवे होते! ही ग्रास ब्लू मंडळी. आपल्याकडे लॉनवर साधारण चार जाती सापडतात, पेल, डार्क, लेसर आणि टायनी, आणि वरून बघितलं तर चारही निळसर, उडताना सांगणं अशक्य. पंख मिटून बसलं की पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला बघायचं. पंखाच्या बुडाकडे एक बंद कप्पा असतो, शिरांनी वेढलेला, त्याला सेल म्हणतात. त्या सेलमध्ये काळा ठिपका असेल तर पेल किंवा डार्क. सेल रिकामा असेल तर लेसर. आणि पंखाच्या वरच्या कडेलाच ठिपके दिसले आणि फुलपाखरू अगदीच पिटुकलं असेल तर टायनी. तुमच्या पाच फोटोंपैकी तीनमध्ये सेलमधला ठिपका स्वच्छ दिसतोय, आणि मागे जमिनीवर आंबुशी पसरलीये, बदामासारखी तीन-तीन पानं, चवीला आंबट. पेल ग्रास ब्लूची अळी आंबुशीवरच वाढते. ते तीन पेल. उरलेल्या दोन फोटोंत पंख अर्धे उघडे आहेत, त्यांना मी ‘ग्रास ब्लू’ एवढंच म्हणेन. याच्या पुढे ओढून-ताणून नाव देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, चुकीच्या नावाने नोंद झाली की ती पुढे कुणीतरी खरी धरून चालतं.

हीच पद्धत पिवळ्या ग्रास यलोंना लागू पडते. पुढच्या पंखाच्या खाली सेलमध्ये किती ठिपके ते मोजायचं, दोन असतील तर कॉमन, तीन असतील तर थ्री-स्पॉट, एक असेल तर वन-स्पॉट. ठिपके कधी पुसट असतात, मग दोन-तीन फोटो वेगवेगळ्या कोनातून घ्यायचे. माळ्याला सांगून लॉनचा एक कोपरा न कापता ठेवता आला तर जाती वाढलेल्या तुम्हालाच दिसतील. एकसारखं हिरवं लॉन दिसायला छान असतं, पण अळ्यांना ते उपाशी ठेवतं.

ब्लू मॉर्मन हे आपलं राज्य फुलपाखरू, मग ते ठाण्यात रस्त्याच्या कडेला कसं काय दिसतं? दुर्मिळ नाही का? – एक वाचक, ठाणे

दुर्मिळ नाही. 2015 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, असं करणारं आपलं पहिलं राज्य. मराठीत नीलवंत. काळे मोठे पंख, मागच्या पंखावर फिकट निळा पसारा आणि त्यात काळे ठिपके. मिटलेल्या पंखांच्या बुडाशी लाल डाग असतात ते बघून ठेवा. अळी लिंबावर आणि रानात माकडलिंबावर वाढते, त्यामुळे बागा असलेल्या शहरात ते राहतं. लोक ब्लू टायगरशी गोंधळ करतात, पण तो बराच लहान आणि अंगभर फिकट निळ्या रेघांचा. नीलवंतापेक्षा मोठं सदर्न बर्डविंग, त्यासाठी आंबोलीकडे जायला लागेल.

घरात संध्याकाळी तपकिरी फुलपाखरू येतं. पावसाळ्यात येतं त्याच्या पंखांखाली डोळ्यांसारखे गोल असतात, हिवाळ्यात येतं ते नुसतं वाळक्या पानासारखं. दोन जाती आहेत ना? – कोल्हापूरहून एक आजी

आजी, एकच जात आहे, कॉमन इव्हनिंग ब्राउन. पावसाळ्यात आणि कोरड्या दिवसांत हे वेगवेगळं रूप घेतं. हिरवळ असते तेव्हा पंखांच्या कडेला डोळे, पक्ष्याने चोच मारलीच तर त्या डोळ्यांवर मारतो आणि जीव वाचतो. गवत वाळलं, पालापाचोळा साठला की डोळे जवळजवळ नाहीसे होतात, पंखांच्या कडा अणकुचीदार होतात आणि जमिनीवर बसल्यावर ते पाचोळ्यात मिसळून जातं. अळी वाढताना हवा किती गरम-गार होती त्यावर हे ठरतं. मधल्या काळात, दिवाळीच्या आसपास, अर्धवट डोळ्यांची सुद्धा दिसतील. पूर्ण वाढ झालेली ही फुलपाखरं फुलांपेक्षा खाली पडलेल्या पिकल्या फळांवर जास्त येतात, आणि अळ्या गवतावर आणि भातावर असतात. तुम्ही एवढं ऋतूप्रमाणे लक्षात ठेवलंत याचं फार कौतुक वाटतं, अशी तारखांसकट नोंद असेल तर कृपया एखाद्या वहीत लिहून ठेवा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीला अंगणात मोनार्क दिसला तर तिने आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवला, आजी म्हणाली हे तर आमच्या परसातलं! खरंच तेच का? – एक आई

आजींना बहुतेक स्ट्राइप्ड टायगर आठवला. मोनार्क आणि तो डॅनॉस नावाच्या एकाच गटातले (इंग्रजीत जीनस), दोघांच्या नारिंगी पंखांवर काळ्या शिरा. पण जाती वेगळ्या. तुमच्याकडचे मोनार्क हिवाळ्याआधी थेट मेक्सिकोच्या डोंगरातल्या जंगलात जातात, आपला स्ट्राइप्ड टायगर असा प्रवास करत नाही. तुमच्याकडे आणखी एक सारखा दिसणारा आहे, व्हाइसरॉय. त्याच्या मागच्या पंखावर शिरांना छेदून जाणारी एक काळी रेघ असते, मोनार्कला ती नसते. मुलीला ती रेघ शोधायला सांगा. पूर्वी व्हाइसरॉय नुसता नकलाकार समजला जायचा, पण 1991 मध्ये दिसून आलं की तोही पक्ष्यांना तितकाच बेचव लागतो. अंगणात जागा असेल तर स्थानिक मिल्कवीड, म्हणजे रुईसारखं चीक असलेलं झाड, लावा, मोनार्कच्या अळीला दुसरं काही चालत नाही.

कुंडीतल्या पानफुटीची पानं आतून पोखरली जातात, वरून नुसतं पातळ साल राहतं. अळी कुठेच दिसत नाही. रोग आहे का? – एक वाचक, नाशिक

अळी पानाच्या आत आहे. ते पान उन्हासमोर धरून बघा, दोन सालींच्या मध्ये हलताना दिसेल. रेड पियरोची अळी जाड पानाचा गर खात खात आतूनच पुढे सरकते, म्हणून वरून तुम्हाला भोक आणि काळपट विष्ठा एवढंच दिसतं. एक पान संपलं की बाहेर येऊन दुसऱ्यात शिरते, आणि शेवटी बाहेर येऊन कोष करते. फुलपाखरू खालून पांढरं, त्यावर काळे ठिपके आणि मागच्या पंखाला नारिंगी पट्टा, वरून काळं आणि नारिंगी. फार उंच उडत नाही, कुंडीच्या आसपासच राहतं, त्यामुळे फोटो काढायला सोपं. पानफुटीचं एक पान मातीवर टाकलं तरी त्याच्या कडेने नवी रोपं येतात, तेव्हा पोखरलेली दहा पानं गेली तर दोन नवी कुंड्या भरा आणि एक त्यांच्यासाठी बाजूला ठेवा.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना फोटोबरोबर गाव, महिना आणि जवळचं झाड एवढं नक्की लिहा. झाडाचं नाव माहीत नसेल तर त्याच्या पानाचा एक वेगळा फोटो जोडा.